काय अडतंय?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत गेले. तिथली आदिवासी माणसं आजारी पडली तरी मोठ्या दवाखान्यात जायला तयार नसत. असं दिसलं की आपण लगेच म्हणतो, ‘अडाणी आहेत, त्यांना कळत नाही.’ बंग पतिपत्नींनी त्या माणसांनाच विचारलं, का जात नाही?

उत्तरं अगदी साधी होती. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्हाला हरवल्यासारखं होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आमच्यात पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतात. संध्याकाळ झाली की घरच्यांना बाहेर काढतात, मग रोग्याने एकट्याने कसं राहायचं? ही उत्तरं ऐकून बंग यांच्या शोधग्राम या केंद्रात दवाखाना बांधला गेला. आदिवासी घरांसारख्या झोपड्या, रोग्यासोबत नातेवाइकांनी राहायची सोय, आणि नावही त्यांच्या देवीचं : माँ दंतेश्वरी दवाखाना. मग लोक येऊ लागले. मला यातलं ते ऐकून घेणंच सगळ्यात मोठं वाटतं.

आपल्या बीडला तसं जंगल नाही. पण दवाखान्यापासून लांब राहिलेली माणसं इथेही आहेत. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि चार-सहा महिने फडावरच जातात. तिथे बाई दुखणं अंगावर काढते. ‘वेळेवर दाखवायला काय होतं गं?’ असं तिला सगळेच म्हणतात. जवळ बसून विचारलं तर ती सांगते : एक दिवस बसलं की खाडा पडतो, पैसे कापतात. उचल आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, त्यामुळे ती बसली की त्याचंही काम अडतं. एवढं ऐकल्यावर तिला रागावायला जीभ रेटत नाही.

आज घरकामाला येणाऱ्या मावशी किंवा कामावरचा सोबती दुखणं लपवताना दिसला, तर ‘दवाखान्यात जा’ म्हणण्याआधी ‘काय अडतंय?’ एवढं विचारा. उत्तर पुरं होईपर्यंत थांबा. कुणाचं एसटीच्या भाड्यावाचून अडलेलं असेल. कुणाला लेकरू सांभाळायला माणूस नसेल. कुणाला केसपेपरच्या खिडकीवर काय बोलावं, याचीच भीती वाटत असेल. यातलं एखादं काम तुम्हाला आजच करता येईल.