माकडटोपी आणि इरादा



प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. थंडीत माकडटोपी घालून, नुसते डोळे उघडे ठेवून रस्त्यानं जायचा माणसाला हक्क आहे की नाही? तुम्ही म्हणाल, पोटापाण्याचे एवढे सवाल पडलेत आणि हा गडी टोपीवर लिहितो. लिहितो. कारण तीच टोपी चोर घालतो आणि थंडी वाजणाराही घालतो. दोघांतला फरक कुणी ठरवायचा, हा सवाल आपला आहे.

जानेवारीत पहाटे साडेपाचला आपल्या छत्रपती संभाजीनगरात रस्त्यावर कोण असतं ते बघा. झाडूवाल्या बाया, दूधवाले, पेपर टाकणारी पोरं, हमाल, वाळूज-चिकलठाण्याच्या पाळीला निघालेले, आणि माझ्यासारखे सूतगिरणीची रात्रपाळी करून सुटलेले. खात्यातल्या गरम दमट हवेतून बाहेर पडलं की वारं कानात घुसतं. ज्याच्याकडं मोटार आहे त्याला माकडटोपी लागत नाही. थंडी त्याच्या काचेबाहेरच थांबते. तोंड झाकायची पाळी येते ती पायी राबणाऱ्यावर. आणि चौकात शिट्टी वाजते तीही त्याच्यासाठीच. "ए, टोपी काढ. नाव सांग." नाव सांगितलं की आडनाव विचारतात, मग वस्ती विचारतात. टोपी काढून भागत नाही, जात काढावी लागते.

कायदा काय म्हणतो? १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याचं १२२ वं कलम वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्हा करायच्या इराद्यानं तोंड झाकून कुणी सापडला तर त्याला शिक्षा आहे. 'इराद्यानं' हा शब्द कायद्यात आहे. चौकात येईपर्यंत तो गळून पडतो. मग इरादा ठरतो कपड्यावरून, वस्तीवरून, कातडीच्या रंगावरून.

ही रीत जुनी आहे. पेशवाईत अस्पृश्यानं मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, चुकून कुणाला विटाळ होऊ नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' मध्ये हे नोंदवलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पोलिसांपुढं हजेरी लावायला लावली. तो कायदा १९५२ साली गेला, नजर गेली नाही. आपले बाप-आजे गाव सोडून शहरात आले ते भाकरीसाठी आणि कुणी लगेच ओळखू नये यासाठीही. गर्दीत अनोळखी राहता येणं हे आपल्यासाठी मोठं सुख आहे.

२०२० साली करोना आला. त्याच सरकारनं नाक-तोंड झाका म्हणून बजावलं, उघड्या तोंडाला दंड लावला. कलेक्टरपासून कामगारापर्यंत सगळे झाकलेले हिंडले. म्हणजे झाकलेल्या तोंडात मुळात पाप नाही, हे राज्यालाही कळतं.

दुसरी बाजूही टाळू नका. बँकेत, सोनाराच्या दुकानात टोपी काढा म्हटलं तर काढावी. मात्र हेल्मेटवाल्या साहेबालाही तसंच सांगितलं पाहिजे. सगळ्यांना लागतो तो नियम. एकट्या आपल्याला लागतो तो अपमान.

आणि आणखी एक. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसं भरदिवसा, उघड्या तोंडानं गेली. मराठीत तोंड म्हणजे चेहराही आणि वाचाही. वाऱ्यापासून ते खुशाल झाका. मोर्च्यात, मागणी करताना, ते उघडं असू द्या. तिथं झाकलेला माणूस कुणाचा आहे हे आपल्यालाही सांगता येत नाही.

उद्या पहाटे कुणी हटकलं तर टोपी काढा, नाव सांगा. मग सरळ विचारा: साहेब, आत्ता गेलेल्या मोटारीची काच खाली करायला लावली होती का?

जय भीम.