काचपट्टीवर दारू दिसत नाही

जेवण झालं की मामा उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जमलेली आम्ही पोरं त्याला हसायचो, त्याची नक्कल करायचो. स्वादुपिंडाला जुनाट सूज असली की माणूस असाच बसतो, हे मला पंधरा वर्षांनी कळलं. हा अवयव जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून असतो. उताणं झोपलं की कळ पाठीत जाते, पुढे वाकलं की जरा सैल पडते.

मामा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होता आणि तो प्यायचा. या वाक्यातला दुसरा भाग आमच्या घरात नेहमी आधी सांगितला जायचा.

त्याला तिसऱ्यांदा ॲडमिट केलं, त्याच महिन्यात आमच्या सोसायटीतल्या 19 वर्षांच्या एका मुलीला हाच आजार निघाला. तशीच सूज, नळीत तसेच खडे, तशीच वाढलेली शुगर. तिचा दारूशी कधी संबंधच आला नव्हता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत तिच्यासाठी पैसे जमले. मीही दोन हजार पाठवले आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. आई म्हणाली, "मामाकडेही एकदा जाऊन ये रे." मी म्हणालो, "त्यानंच ओढवून घेतलंय ना?"

त्या वाक्यात मला तेव्हा काहीच खटकलं नाही. आता खटकतं. पण नेमकं काय खटकतं हे सांगणं वाटलं होतं तितकं सोपं नाही. कारण वाक्य खोटं नव्हतं.

आधी सूज म्हणजे काय ते बघू. बोट कापलं की जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, मेलेल्या पेशी उचलतात, नव्या पेशी वाढाव्यात म्हणून रासायनिक निरोप सोडतात. काम झालं की थांबतात. सगळा घोळ या थांबण्यात आहे. मार रोज बसत राहिला तर दुरुस्तीही रोज चालू राहते. जंतूंवर सोडलेली जहाल रसायनं आपल्याच पेशींच्या डीएनएवर उडत राहतात, पेशी विभागत राहतात आणि चुकांसकट नकला निघत राहतात. कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी का सापडतात, हा प्रश्न रुडॉल्फ व्हिर्खोला 1863 मध्येच पडला होता. 1986 मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅकने गाठीला चक्क 'न भरणारी जखम' म्हटलं.

म्हणजे इथे बाहेरून आलेला कुणी चोर नाही. आपलाच वॉचमन आहे, ड्युटी न संपलेला. त्याला घरी पाठवा म्हणावं तर तेही धड जमत नाही. 2017 मध्ये कॅन्टॉस नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना दाहाचा एक निरोप अडवणारं औषध दिलं होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

पोटाच्या आजारांत दोष देण्याची एक जुनी परंपराच आहे. अल्सर झालेल्या माणसाला कित्येक वर्षं सांगितलं गेलं की टेन्शन घेऊ नका, तिखट खाऊ नका. मिसळ खाणाऱ्या नाशिकमध्ये तर हे निदान शेजारीसुद्धा करतात. मग ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात राहणारा एक वळणदार जंतू सापडला. कुणी मानेना, म्हणून 1984 मध्ये मार्शलने त्या जंतूचा काढा स्वतःच पिऊन टाकला आणि जठराला सूज आणून दाखवली. 1994 मध्ये हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, कॅन्सरकारक म्हणून जाहीर झाला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोवर ज्यांना 'तुमचा स्वभावच तापट' असं ऐकून घ्यावं लागलं, त्यांची माफी कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि जिथे कारण स्पष्टपणे माणसाच्या सवयीत होतं, तिथेही दोष चिकटला नाही, असं एक उदाहरण आपल्याकडचं आहे. परळचं टाटा मेमोरियल 1941 मध्ये सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 मध्ये धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं. कमरेला रोज त्याच जागी घट्ट आवळलेलं कापड घासतं, कातडीचा रंग जातो, जखम होते, भरते, पुन्हा घासलं जातं. वर्षानुवर्षं हे चालतं आणि क्वचित कुणाला तिथे कॅन्सर होतो. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली झालेल्या अशाच कॅन्सरच्या केसेस छापल्या. हा कातडीचा आजार, पोटाचा नाही. पण बघा, 'आजीनं ओढवून घेतलं, नाडी घट्ट बांधायची,' असं कुणी म्हणेल का? सवय तिचीच, हात तिचेच. तरी कारण सांगितलं जातं आणि तिथेच थांबतं. मामाच्या बाबतीत मात्र कारण सांगून झाल्यावर वाक्य पुढे चालत राहतं.

मामाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली तेव्हा मी रिपोर्टमधले शब्द एकेक करून शोधायला बसलो. इंजिनियर माणसाला एरर मेसेज कॉपी करून सर्चमध्ये टाकायची सवय असते. त्यातून डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्यापर्यंत पोचलो. ते टाटा मेमोरियलमध्ये पोटाच्या, विशेषतः स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे सर्जन आहेत. पण त्यांच्या सुरुवातीच्या काळातलं संशोधन कॅन्सरवर नाही, सुजेवर आहे. युरोपात मार्कुस ब्यूखलर यांच्या गटाबरोबर काम करताना त्यांनी जुनाट सूज आलेली, ऑपरेशनमध्ये कापून काढलेली स्वादुपिंडं तपासली. 2001 चा एक पेपर तर नुसता दुखण्यावर आहे: वेदनेचा निरोप घेणारी एक विशिष्ट कडी या रुग्णांच्या स्वादुपिंडात किती वाढलेली असते आणि त्याचा त्यांच्या कळांशी काय संबंध, यावर. मामाची उशी मला तेव्हा आठवली.

दुसरा पेपर 2003 चा. त्यात तीन प्रकारचे रुग्ण आहेत. दारूमुळे सूज आलेले, कारणच न सापडलेले, आणि तिसरा उष्ण प्रदेशातला प्रकार, जो केरळमध्ये फार दिसला, ऐन तरुण वयात गाठतो आणि ज्याचा दारूशी संबंध नसतो. सहलेखकांत कोचीचे सर्जन एच. रमेश आहेत. तिन्ही प्रकारचे तुकडे काचपट्टीवर घेऊन त्यांतला तंतूंचा पसारा आणि सुजेच्या पेशी यांची तुलना केली. सुरुवात वेगवेगळी, पण पुढचं चित्र बरंचसं सारखंच निघालं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. सोसायटीतली ती मुलगी आणि मामा. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काचपट्ट्या. तिच्या पट्टीला मी दोन हजार दिले होते.

यावर लगेच येणारं उत्तर मलाही सुचलं: मायक्रोस्कोपला नाही दिसलं म्हणून काय, दारू प्यायला होता हे खरंच आहे. हो, खरं आहे. पण भरपूर पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना ही जुनाट सूज येतच नाही. आणि ज्यांना येते त्यांच्यातही पुढचा हिशेब ऐका. 1993 मध्ये ॲल्बर्ट लोवेनफेल्स आणि सहकाऱ्यांनी 6 देशांतले 2,015 रुग्ण तपासून काढलेला आकडा असा की दहा वर्षांत 1.8 टक्के आणि वीस वर्षांत 4 टक्के लोकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो. म्हणजे 100 पैकी 96 जण वीस वर्षांनंतरही त्यातून सुटलेले असतात. मामाबरोबर शनिवारी त्याच टेबलावर बसणारे तिघे आज व्यवस्थित आहेत. एक तर रोज सकाळी गोदापार्कला चालायला जातो. प्यायले चौघं, ओढवून मात्र एकट्यानेच घेतलं?

1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी या अडचणीला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. दोन माणसं तेच करतात, एकाच्या वाट्याला भयंकर परिणाम येतो आणि आपण त्याला जास्त दोषी ठरवतो. दोष कृतीचा म्हणतो, पण मोजतो परिणामावरून.

आमच्या ऑफिसात यावर तोडगा आहे. सर्व्हर बसला की नंतर मीटिंग होते आणि तिचा पहिला नियम: कुणाचं नाव घ्यायचं नाही. काय झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच बोलायचं. मला वाटलं, झालं, हेच मामाला लावायचं. कारण हवंच. दारू, तंबाखू हे शब्द गिळून चालणार नाही, नाहीतर पुढच्याला सावध कसं करणार? फक्त दोष काढून टाकायचा.

मुंबईची अपॉइंटमेंट होती. आईचा गुडघा दुखत होता म्हणून मी गेलो, हेही सांगून टाकतो. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मामा फाइलची पिशवी पोटाशी धरून वाकून बसला होता. इगतपुरी गेल्यावर मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, "मामा, दारूचं असो की आपोआप झालेलं, आतून सारखंच दिसतं म्हणे. तू स्वतःला दोष देऊ नकोस."

तो चिडला. आवाज क्षीण झाला होता, तरी चिडला. "आपोआप कसं झालं? मी पीत होतो. कुणी पाजत नव्हतं मला. मीच पीत होतो."

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी त्याला सर्व्हर समजत होतो. सर्व्हरला दोष देत नाहीत, कारण तो कुणी नसतो. आयुष्याच्या शेवटाला माणूस म्हणतोय की हे मी केलं, आणि भाचा म्हणतोय, नाही नाही, ती नुसती रसायनं. माझं आधीचं वाक्य निर्दयी होतं. हे दुसरं मऊ होतं, पण त्यातही मामा नव्हता. आणि गंमत बघा, मामाचं वाक्य माझ्याच जुन्या वाक्याची नक्कल होतं: त्यानंच ओढवून घेतलं, मीच ओढवून घेतलं. शब्द तेच. पण मी म्हणालो तेव्हा माझी सातपूरची एक फेरी वाचली होती. तो म्हणाला तेव्हा त्याचं काहीच वाचत नव्हतं.

ओपीडीत तरुण डॉक्टरने विचारलं, "दारू? किती वर्षं?" विचारायलाच हवं होतं. मागच्या रांगेतली चार डोकी वळली. मामाने सरळ सांगितलं, "बावीस." मी मोबाइल काढून त्यात बघत बसलो.

गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. मामा पाच महिने होता.

परतीच्या गाडीत त्याने विचारलं, "तुमच्या सोसायटीतल्या पोरीला पण हेच आहे ना?" मी हो म्हणालो. "तिला सांग, रात्री उताणं झोपू नको. कुशीवर, गुडघे पोटाशी. आणि उशी धर. कापसाची, फोमची नको, फोम दबतो."

कसारा यायच्या आत मी तिच्या वडिलांना मेसेज टाइप केला. कुशीवर, गुडघे पोटाशी, कापसाची उशी. शेवटी 'माझ्या मामाने सांगितलं' असं लिहिलं, मग ते खोडून 'एका ओळखीच्यांनी सांगितलं' असं केलं, आणि पाठवून दिला.