आ वासण्याआधी

उभे राहा सगळे. ज्यांची लग्नं ठरलीत त्यांनी पुढच्या बाकावर यायचं. शाळा सुटली म्हणून माझा तास सुटला, असं कुणी समजू नये.

सुपारी फुटली की तुमची एक नवी खोड सुरू होते. दात पांढरेशुभ्र करून घ्यायचे. कुणी पार्लरमध्ये फेशियलच्या जोडीनं, कुणी ‘स्माईल मेकओव्हर’ लिहिलेल्या गाळ्यात, कुणी रील बघून घरी बोलावलेल्या माणसाकडून पलंगावर आडवं होऊन. त्या माणसाचं शिक्षण काय, असं विचारलं तर उत्तर काय मिळावं? “बाई, त्याचे फॉलोअर्स लय आहेत.”

अरे तासगावकरा, बागेसाठी औषध आणायला जातोस तेव्हा दुकानदाराला परवाना आहे का बघतोस. बाटलीवरचा बॅच नंबर वाचतोस, मुदत वाचतोस, पक्कं बिल घेतल्याशिवाय हलत नाहीस. माल युरोपला जायचाय, रेसिड्यू निघाला तर संपलं, हे तुला झोपेतही ठाऊक असतं. द्राक्षाच्या घडाला जेवढं जपतोस तेवढं स्वतःच्या जबड्याला जपायला काय झालं?

आम्ल-आम्लारीचा धडा तुम्ही माझ्याकडेच शिकलात. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, आणि सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. हे उत्तरपत्रिकेत लिहून मार्क घेतलेत आणि आता मोबाईलवर बघून लिंबू-सोडा दातांवर चोळता! इनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कातडी भरून येते. इनॅमल गेलं ते गेलं. व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचा पातळ पांढरा पापुद्रा, बसवायला दंतवैद्यालाही दात थोडा तासावा लागतो, साधारण अर्धा मिलिमीटर. पण तेवढ्यासाठी तो आधी हिरड्या तपासतो, गरज असेल तर एक्स-रे काढतो, वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते बघतो. न शिकलेल्याच्या हाताला अर्धा मिलिमीटर कुठून कळणार? तो घासत इनॅमलखालच्या डेंटिनपर्यंत जातो, कधी थेट नसेपर्यंत. मग गार पाणी झोंबतं, रात्रभर ठणका लागतो, आणि काल धडधाकट असलेल्या दाताचं आज रूट कॅनाल करावं लागतं. वर पैसे तुमचेच.

पांढरं करायच्या जेलचीही तीच गत. युरोपीय संघात हायड्रोजन पेरॉक्साइड 0.1 टक्क्याहून जास्त असेल तर ते थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. त्याच्यावर 6 टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्याच्या हातून, आणि अठराच्या आतल्यांना तेही नाही. तुमच्या पार्लरवालीच्या बाटलीत किती टक्के आहे? विचारलं होतंत? हिरडी पांढरी पडून सोलली तरी ‘असर होतोय’ म्हणून आरशापुढं हसत बसायचं!

हत्यारं उकळून घेतो म्हणे तो घरी येणारा माणूस. नुसत्या उकळण्यानं जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. ऑटोक्लेव्ह लागतो, दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. तुमच्याआधी ती हत्यारं कुणाच्या तोंडात गेली होती, ते तुम्हाला माहीत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात.

बहुतेकदा हा ‘डॉक्टर’ कुठल्या तरी दवाखान्यात चार वर्षं हाताखाली राहिलेला, नाही तर कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधला कारागीर असतो. कारागिराला मी नावं ठेवत नाही. लॅबमध्ये बसून कवळी घडवणं हे कसबाचं काम आहे, आणि 1948 च्या दंतवैद्यक कायद्यानं डेंटल मेकॅनिकला वेगळी ओळखही दिली. पण त्याचं काम टेबलावर, तुमच्या तोंडात नव्हे. तोंडात हात घालायला बीडीएस लागतं, म्हणजे चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि राज्य दंत परिषदेकडे नोंदणी. आठवडी बाजारात दात बसवून देणाऱ्यापुढं बसलेल्या म्हाताऱ्याला मी एक वेळ समजून घेईन, त्याच्या खिशात पैसे नसतात. तुमच्या प्री-वेडिंग शूटला ड्रोन असतो.

आणि कागद न विचारण्याची किंमत आपल्या भागाला नवी आहे का? वाईजवळ धोमला डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्या एकाला 2016 साली खुनांच्या आरोपावरून अटक झाली. पुढच्याच वर्षी म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले, आणि तिथला दवाखाना चालवणाऱ्याची पदवी होमिओपॅथीची निघाली. दाताचं प्रकरण एवढं भीषण नसतं, मान्य. पण दोन्हीकडे ‘डॉक्टर’ म्हटलं की माणसं विश्वासली, आणि आत काय चाललंय ते बरीच वर्षं उघड झालं नाही.

कायदा बघून घेईल म्हणाल, तर त्या 1948 च्या कायद्यात नोंदणी असल्याचं खोटं सांगणाऱ्याला पहिल्या वेळी दंड किती लिहिला? पाचशे रुपयांपर्यंत! 2023 साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला खरा, पण तुमचा घासलेला दात कुठलंच कलम परत आणत नाही.

सगळ्यांत जास्त राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. तुमचे दात काळे का झाले, हे त्या माणसानं विचारलंच नाही. राज्यात 2012 पासून बंदी असलेला गुटखा खिशात बाळगणारे तुम्ही, आणि घरात रोज सकाळी मशेरी लावणारी तुमची आई. शिकलेला दंतवैद्य दाताच्या डागाआधी गालाच्या आतली बाजू बघतो, जीभ उचलून खाली बघतो. पांढरा चट्टा आहे का, लाल चट्टा आहे का, न भरणारी जखम आहे का. तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, म्हणजे काय होऊ घातलंय, ते त्याला कळतं. पार्लरवाला डाग पुसतो, पैसे घेतो. तोंडाच्या कर्करोगाची पहिली खूण समोर असली तरी त्याला ती दिसत नाही, कारण ती ओळखायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

परवडत नाही हे मला सांगू नका. वानलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हापासून कर्नाटकातली माणसं गाडी भरून इकडे उपचाराला येतात, आणि तुम्ही इथले असून गाळ्यात शिरता? सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आहे, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं आहे. तिथं विद्यार्थी काम करतात, म्हणून पैसे कमी लागतात, पण डोक्यावर प्राध्यापक उभे असतात. वेळ जास्त लागतो. लागू दे.

मेंदी, हॉल, बँड सगळं ठरलंय ना? मग या सोमवारी आईला गाडीवर बसवायचं आणि यातल्या एका ठिकाणी जाऊन आधी तिचं तोंड तपासून घ्यायचं. त्यानंतर तुझं. दात पांढरे करायचे की नाही, ते तिथला नोंदणी असलेला डॉक्टर सांगेल. बसा खाली.