परीक्षण आणि परीक्षक

मराठीत ‘परीक्षण’ ग्रंथाचे असते, तसेच हिशेबाचेही. इंग्रजीतील ‘ऑडिट’ हा शब्द मात्र ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. एके काळी हिशेब मोठ्याने वाचून दाखवले जात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींचे स्वतंत्र परीक्षण व्हावे, ही मागणी आज सर्वत्र होते आहे. तिच्याशी समीक्षेचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की, परीक्षकाचे स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, हा आपल्या क्षेत्रातला जुना प्रश्न आहे आणि तो आपण बहुधा टाळत आलो आहोत.

फ्लॉरिडातील ब्रोवर्ड परगण्यात आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचे भाकीत ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली गुणांकाने करीत असे. ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये सात हजारांहून अधिक व्यक्तींचे गुणांक मिळवून ते पुढील घटनांशी ताडून पाहिले. ज्यांच्यावर नंतर नवा आरोप आला नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के व्यक्तींना प्रणालीने अधिक धोक्याचे ठरवले होते. गोऱ्यांत हे प्रमाण २३.५ टक्के होते. उत्पादक कंपनीने उत्तर दिले की, एकाच गुणांकाचा अर्थ दोन्ही गटांत जवळपास सारखाच आहे. पुढे गणितज्ञांनी दाखवून दिले की, दोन गटांतील मूळ प्रमाण भिन्न असेल आणि भाकीत बिनचूक नसेल, तर या दोन्ही समता एकाच वेळी साधता येत नाहीत. म्हणजे आकडे दोघांचेही खरे होते. निरपराध माणूस तुरुंगात राहणे अधिक असह्य, की गुणांकाचा अर्थ माणसागणिक बदलणे, याचा निवाडा संहितेत नसतो. तो वाचणाऱ्याला करावा लागतो. ‘वस्तुनिष्ठ’ परीक्षण हा निवाडा करतेच, फक्त त्याची कबुली देत नाही. आस्वादक समीक्षेवर आपण हाच आक्षेप घेत आलो आहोत.

न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये कायदा केला. नोकरभरतीत अशी साधने वापरणाऱ्यांनी दरवर्षी स्वतंत्र परीक्षण करवून त्याचा सारांश प्रसिद्ध करावा, असे त्यात आहे. पक्षपात आढळला तर पुढे काय, यावर मात्र तो कायदा मौन बाळगतो. परीक्षकाचे शुल्कही ज्याचे परीक्षण व्हायचे, तोच देऊ शकतो. ‘परीक्षण झाले’ एवढेच मग प्रमाणपत्र होऊन बसते. सत्यमचा घोटाळा २००९ मध्ये उघड झाला, तेव्हा त्याचे ताळेबंद नामांकित लेखापरीक्षकांनी तपासलेलेच होते. आपण तरी कोण मोठे लागून गेलो? एका सहकाऱ्याच्या ग्रंथावर लिहिताना प्रस्तुत लेखकाने त्यातील गंभीर दोष ‘काही मर्यादा’ या दोन शब्दांत गुंडाळला होता. पैसे कोणी दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी विभागात भेट व्हायची होती, इतकेच.

म्हणून मला १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने सुरू केलेल्या जनसुनवाया अधिक महत्त्वाच्या वाटतात. तिथे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांची नावे पटावर होती तेच ऐकणारे होते. कामावर न गेलेल्याच्या नावे मजुरी निघाली, हे सांगायला तज्ज्ञ लागला नाही. प्रणालीतील अब्जावधी संख्या अशा वाचून दाखवता येणार नाहीत, हे खरे. तिथे तज्ज्ञ हवाच. पण एका माणसाविषयीचा निर्णय आणि त्यामागची कारणे त्या माणसाला ऐकवता येतात. विस्कॉन्सिनमधील एका आरोपीने ‘कॉम्पास’बाबत नेमके हेच मागितले होते. २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रणालीविषयी सावधगिरीच्या सूचना दिल्या आणि शिक्षा कायम ठेवली. गुणांक त्याला कळला होता; तो कसा काढला, हे कंपनीचे व्यापारी गुपित राहिले.