ईचा खण

गिरगावातल्या एका छापखान्यात तात्यांनी उभी हयात खिळे जुळवण्यात घालवली. इंग्रजी कामही बहुतेक त्यांच्याकडेच यायचे: लेटरहेड, बिलबुकं, कंपन्यांचे अहवाल. प्रत्येक ओळीचा अर्थ कळायचाच असे नाही, पण उलटे अक्षर डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचे. पुढे ऑफसेट आले, छापखाना मिटला आणि तात्या डोंबिवलीला मुलाकडे राहायला आले.

नात आठवीत होती. आंतरशालेय स्क्रॅबल स्पर्धेसाठी शाळेने तिची निवड केली, तशी तिने एक वही घातली. हातातली अक्षरे मोबाइलमध्ये टाकली की त्यांच्यापासून होणाऱ्या शब्दांची रांग येते. त्या रांगेतले भारीभारी शब्द तेवढे ती उतरवून घ्यायची. यूशिवाय चालणारे क्यूचे शब्द, झेडचे, एक्सचे. फकीरसुद्धा त्यात होता आणि वाळवंटात जमिनीखालून पाणी नेणारी कनातही. तिचा हिशोब सरळ होता. क्यू आणि झेड दहा-दहा गुणांचे. ई, ए, आय, एन, आर, टी, एस हे एकेका गुणाचे. मग मान कोणाला द्यायचा?

सरावाला कोणी मिळेना म्हणून एका संध्याकाळी तिने तात्यांना समोर बसवले. त्यांचे इंग्रजी बेताचे. ते लावायचे ते शब्दही तसेच, तीन-चार अक्षरांचे. नातीला क्यू आला. क्यू आणि आय एवढ्या दोनच अक्षरांचा शब्द तिला ठाऊक होता, पण दहा गुणांच्या अक्षराची अकरावर बोळवण करायची हे तिला पटेना. कनातीसाठी दोन ए, एन आणि टी हवेत, म्हणून ती थांबली. थांबायचे तर बाकीची अक्षरे मिळेल तिथे उडवत राहायची. ई गेला, आर गेला, दुसरा ई गेला. हातात क्यूच्या जोडीला व्ही, डब्ल्यू आणि सी येऊन बसले आणि डाव तिथेच अडला. तात्यांच्या टाइल्स आधी संपल्या. नियमाप्रमाणे अडकलेल्या क्यूचे दहा गुण तिचे वजा झाले आणि तात्यांच्या खात्यात जमा झाले.

ती रडवेली झाली. तात्यांनी पाठकोऱ्या कागदावर खिळ्यांच्या केसचा नकाशा काढला. मध्ये ईचा खण, सगळ्यांत मोठा. त्याच्या आसपास ए, टी, एन, आय, एस, ओ. क्यू, झेड, एक्स, जे यांना मात्र कडेला चार चिंचोके मावतील एवढीच जागा.

‘‘क्यू संपला तर शेजारच्या छापखान्यातून दोन खिळे मागून आणता यायचे, बाळ,’’ तात्या म्हणाले. ‘‘ई संपला की पान थांबायचं. त्या जागी दुसराच खिळा पालथा घालायचा आणि ई मोकळे होईपर्यंत हात बांधून बसायचं. म्हणून ओळ लावतानाच बघायचं, पुढच्या ओळीला काय उरतंय.’’

हा खेळ रचणाऱ्या अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्सनेही असाच हिशोब केला होता. तो न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. 1929 नंतरच्या मंदीत नोकरी गेली तेव्हा हा माणूस वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरे मोजत बसला, कोणते किती वेळा येते ते. म्हणून आजही इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 टाइल्समध्ये ई 12 असतात, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू एकच. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचने करत सुटला असता. न्यूयॉर्कचा बेकार वास्तुविशारद आणि गिरगावचा कंपोझिटर यांची अक्षरांची मोजदाद एकमेकांशी जुळावी, याचे मला फार अप्रूप वाटते. दोघेही मोजायला कंटाळले नाहीत.

त्या दिवसापासून सरावाची तऱ्हा बदलली. नातीने शब्द लावला की तात्या तो वाचतसुद्धा नसत. ‘‘लावलंस ते झालं. हातात काय राहिलं ते सांग.’’ तीन स्वर आणि एकच व्यंजन राहिले तर ते नुसती मान हलवत. सुरुवातीला तिला याचा राग यायचा. मग वहीत वेगळीच पाने भरू लागली: ए, ई, आय, एन, आर, एस, टी या सात साध्या अक्षरांची उलटसुलट जुळणी. त्यातून सात अक्षरी शब्द किती निघतात, हे पाहून ती स्वतःच चकित झाली.

स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत क्यू पुन्हा हातात आला. सोबत ए, ई, एन, आर, एस, टी. समोरचा मुलगा चांगल्या आघाडीवर होता. बोर्डावर एका आयच्या अलीकडचे घर मोकळे होते. तिने क्यू तिथे टेकवला. अकरा गुण. समोरच्या मुलाने चमकून पाहिले. एवढ्या मोठ्या अक्षराचे एवढेच? तिने पिशवीत हात घातला, एक टाइल काढली. आय निघाला.

पुढच्या डावात तिने सातही अक्षरे एका ओळीत मांडली, रिटेन्स. शेवटचा एस आधीच्या एका शब्दाच्या टोकाला लागून त्याचेही अनेकवचन झाले. सातांतले एकही अक्षर एका गुणाहून जास्तीचे नव्हते, पण सातही टाइल्स एका दमात लावल्याचे 50 वर मिळाले आणि सामना फिरला.

त्यापुढच्या फेरीत मात्र ती हरली. घरी येऊन तिने गुणांचा कागद तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी बेरीज पाहिलीच नाही.

‘‘शेवटी हातात काय राहिलं होतं?’’

‘‘एक टी. समोरच्या मुलीला जागा आधी मिळाली.’’

‘‘मग खेळ चुकला नाही तुझा. चहा झाला की बोर्ड काढ.’’