कॅमेऱ्याची चूक आणि मेहनतीची खूण

फोटो संपादित करावा की करू नये, याच प्रश्नाभोवती आपली चर्चा फिरते आहे. मोबाइल आपणहून चेहरे गुळगुळीत करू लागल्यापासून तर ती फारच तावातावाने होते. पण तो प्रश्नच उथळ आहे. तालमीतला पंधरा-सोळा वर्षांचा मल्ल जिल्ह्याची कुस्ती मारतो आणि त्याचा फोटो गावच्या फ्लेक्सवर झळकतो. त्यात त्याचा रंग उजळलेला असतो, दंड फुगवलेले असतात, मोडलेला कान सरळ झालेला असतो. इथे संपादन झाले का, हे विचारून काही हाती लागत नाही. नेमके काय पुसले, हे विचारावे लागते.

संगणकाला न शिवलेला फोटोच खरा, हे म्हणणे कॅमेऱ्याला निष्पाप समजते. ते सोडून देऊ. दुसरे म्हणणे सूचनेचे. जाहिरातीत मॉडेलचा बांधा बदलला असेल तर तशी सूचना छापा, असा नियम फ्रान्सने २०१७ मध्ये लागू केला. ती सूचना बघणाऱ्याला सावध करते, फोटोतल्या मुलाला काहीच देत नाही.

खरा प्रतिवाद करायला हवा तो तिसऱ्या, सुशिक्षित युक्तिवादाचा. तो म्हणतो, फोटो म्हणजे मुळातच संपादन. भिंग निवडले, उजेड निवडला, क्षण निवडला. मग कान सरळ केला तर काय बिघडले? रिटचिंग तर १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनापासून लोकांना ठाऊक आहे. यातले प्रत्येक विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे. निवड टळत नाही म्हणून सगळ्या निवडी सारख्या ठरत नाहीत.

भिंगाचेच पाहा. हातभर अंतरावरून चेहरा टिपला की नाक मोठे दिसते आणि कान मागे दडतात. दोन-अडीच मीटर मागे सरून ८५ मिलिमीटरचे भिंग लावले, तर चेहरा प्रमाणात येतो आणि मल्लाचे कानही दिसतात. तालमीतल्या ट्यूबलाइटने त्वचेवर हिरवट झाक येते, लाल मातीवरून परतलेला उजेड हनुवटीखाली तांबूस पडतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवणीची ‘शर्ली’ कार्डे बराच काळ गोऱ्या चेहऱ्यांचीच होती. सावळे चेहरे काळवंडत, ते कातडीमुळे नव्हे, यंत्रामुळे. हे सगळे दुरुस्त करावे, नव्हे, केलेच पाहिजे. कॅमेऱ्याने केलेली चूक निस्तरणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्य आहे. म्हणजे ‘कॅमेराही बदलतोच’ हा मुद्दा दुरुस्तीचे समर्थन करतो, पुसण्याचे नाही.

मोडलेला कान कॅमेऱ्याने केलेला नसतो. झटापटीत कान घासतो, कूर्चा आणि तिच्या आवरणामध्ये रक्त साकळते, वेळेवर काढले नाही तर कूर्चेचे पोषण तुटते आणि कान आकसून कडक होतो. या इजेचे मला कौतुक नाही. उपचार वेळेत व्हावेत, वस्तादांनी तिकडे लक्ष द्यावे. पण झालेली इजा फोटोत नाकारणे हा उपचार नव्हे. उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचेही तेच. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलीचा चेहरा उजळवणे म्हणजे तिच्या सरावातले ऊन वजा करणे. फुगवलेले दंड ही त्याच अन्यायाची दुसरी बाजू: जे अजून कमावलेले नाही, ते आधीच बहाल करणे.

चार दिवसांत जाणारी पुटकुळी काढावी का? ती ना कॅमेऱ्याची, ना मेहनतीची. मुलाला विचारावे, तो म्हणाला तर खुशाल काढावी. कानाच्या बाबतीत मात्र, त्याने स्वतःच सांगितले तरी मी आधी त्याच्याशी बोलेन. प्रौढ खेळाडूने आपली प्रतिमा हवी तशी घडवावी, तो त्याचा अधिकार आहे. पंधराव्या वर्षी शरीराशी ओळखच अजून चाललेली असते. अशा वेळी आपल्या देहातले काय लपवण्याजोगे आहे, हे त्याला मोठ्यांनी दुरुस्त केलेला फोटो शिकवतो, आणि कोणी उघड बोललेले नसल्यामुळे त्याला त्यावर वादही घालता येत नाही.

म्हणून प्रत्येक बदलापूर्वी एकच प्रश्न पुरेसा आहे: हे यंत्राने केले की मुलाने? यंत्राचे असेल ते निःसंकोच बदलावे. मुलाचे असेल त्यावर आपला हक्क नाही, मग फोटो कितीही देखणा होणार असो.