मान कशावर टेकलेला आहे?

मनुष्य स्वतःविषयी जे मत बाळगतो त्यावर त्याचे सुख किती अवलंबून असते, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटतो. परंतु दहावी-बारावीचे निकाल लागले की तो आपल्या सभामंडपातही येऊन बसतो. त्या सायंकाळी आरतीस कोण आले नाही एवढे पाहिले म्हणजे कोणाच्या घरी काय निकाल लागला हे विचारावे लागत नाही. मुलगा नापास झाला म्हणून आईबापांनी देवापासूनही तोंड लपवावे, यात दुःख निकालाचे किती आणि मानाचे किती, याचा थोडा विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात आत्मसन्मानाचा एक अपूर्णांक मांडला आहे. अंशस्थानी मनुष्यास लाभलेले यश, छेदस्थानी त्याने धरलेल्या आकांक्षा. भागाकार येईल तो आत्मसन्मान. जगातील दुसऱ्या क्रमांकाचा मुष्टियोद्धा एक मनुष्य वगळता साऱ्या जगास लोळवू शकतो, तरी त्या एकापायी शरमेने झुरतो. आणि ज्याने तो नाद केव्हाच सोडला असा दुबळा गृहस्थ निवांत असतो. जेम्सने स्वतःचीही गोष्ट लपविलेली नाही. मानसशास्त्रात कोणी आपल्याहून अधिक जाणतो हे त्यास लागे, ग्रीक भाषेच्या अज्ञानाचे मात्र त्यास काहीच वाटत नसे. म्हणजे कोणत्या गोष्टीस आपण 'मी' म्हणतो हे आधी ठरते. मान-अपमान त्यामागून येतात.

आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलो. दहा-अकरा वर्षांचे असताना आरतीचे तबक फिरविण्याचे काम आमच्याकडे असे. एकदा वर्गातील एक मुलगा वडिलांबरोबर आला आणि त्यांनी हाती दिलेले नाणे त्याने आमच्याकडे पाहत तबकात टाकले. तो हसला नाही, काही बोललाही नाही. तरी त्यानंतर आठ दिवस पोटदुखीचे निमित्त करून आम्ही सायंकाळी देवळात जाणे टाळले. वडिलांच्या ते ध्यानात आले. ते एवढेच म्हणाले, "अरे, नाणे तबकात पडले. तू ते अंगावर का घेतलेस?" खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांस त्यांचा राग आला. पुढे लक्षात आले की, अकरा रुपये ठेवणारा असो की पाचशेची नोट ठेवणारा, संकल्प सांगताना वडिलांचा आवाज एकच असे. आपला मान त्यांनी दक्षिणेवर टेकविलेला नव्हता. शुद्ध उच्चारावर मात्र टेकविलेला होता; मंत्रात एखादा स्वर चुकला तर दिवसभर ते स्वस्थ नसत. तेव्हा छेदस्थानी काहीच नाही असा मनुष्य आम्ही तरी पाहिलेला नाही.

स्वतःविषयी चांगले मत असणे हेच सर्व रोगांवर औषध, असेही एके काळी मानले गेले. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली आत्मसन्मानवृद्धीसाठी सरकारी समितीच नेमली व तिचा अहवाल १९९० साली निघाला. मुलांचा आत्मसन्मान वाढविला की अभ्यास सुधारेल, गुन्हे व व्यसने घटतील, अशी आशा होती. रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या कौतुकाने अभ्यास सुधारतो असे दिसून आले नाही. परीक्षेतील यशामुळेच काही अंशी मान वाढतो, असे दिसले. सुखाशी मात्र आत्मसन्मानाचा निकट संबंध आढळला. तथापि मानाने सुख येते की सुखाने मान, हे निश्चित सांगता आले नाही. जेनिफर क्रॉकर या विदुषींनी यापुढे जाऊन विचारले की, मान किती याहून तो कशावर टेकला आहे हे का पाहू नये? ज्यांचा मान अभ्यासावर टेकलेला होता त्या विद्यार्थ्यांचे मन, उच्च शिक्षणाच्या प्रवेशाचे होकार-नकार येत तसतसे, इतरांहून अधिक वरखाली होत असलेले त्यांस आढळले.

आपल्याकडे कोणी म्हणेल की, मानाची चिंता हवीच कशास. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व सर्वांत आधी सांगितले आहे. ते खरेच. पण त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्याने स्वतःस खचू देऊ नये असेही सांगितले आहे. आम्हांस या दोहोंत विरोध दिसत नाही. 'मी नालायक' असे दिवसभर घोकणारा मुलगा अमानी नव्हे. तोही बढाईखोराइतकाच हाती तराजू घेऊन बसलेला असतो. फक्त त्याचे पारडे खाली गेलेले असते.

गुणवंतांचा सत्कार व्हावा. कष्टांचे चीज झालेच पाहिजे. परंतु टक्केवारीच्या क्रमाने नावे वाचण्याची काय गरज आहे, हे आम्हांस अजून कोणी पटवून दिलेले नाही. शेवटच्या नावापर्यंत टाळ्या विरळ होत जातात, आणि ज्यांची नावे यादीतच नाहीत ती मुले तो दिवस घरी काढतात.

त्यांपैकी एक मुलगा गेल्या उत्सवात तिन्ही दिवस महाप्रसादाच्या पंक्तीस पाणी वाढत होता. आम्ही काही विचारले नव्हते. आमच्या पानापाशी वाकून त्यानेच सांगितले की गणित पुन्हा राहिले, आता परत बसणार आहे. आणि पुढच्या पानाकडे वळला.